पहिलं स्केलेटन घड्याळ हाताने कापताना

माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र्याची डबी आहे. तीत घड्याळाचे तीन ब्रिज (चाकांना वरून धरणारे धातूचे तुकडे), एक वाकलेली मेनप्लेट (यंत्राची तळाची मुख्य प्लेट) आणि दुसऱ्या मेनप्लेटचा अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा करवत चालू असताना उडाला, तो अजून सापडलेला नाही. या डबीतला एकेक तुकडा का वाया गेला ते आता मला नीट कळतं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

स्केलेटन म्हणजे यांत्रिक घड्याळाच्या मेनप्लेट आणि ब्रिजमधला अनावश्यक धातू कापून आतलं यंत्र आरपार दिसू देणं. ही कल्पना पहिल्यांदा अमलात आणल्याचं श्रेय सहसा पॅरिसच्या आंद्रे-शार्ल कारों या घड्याळजीला दिलं जातं, काळ १७६० च्या आसपासचा. नाटककार बोमार्शे हा त्याचाच मुलगा. जावई होता जाँ-आंत्वान लेपीन. त्याने १७६० च्या दशकात यंत्राच्या एका बाजूची अखंड प्लेट काढून टाकली आणि तिच्या जागी सुटे ब्रिज बसवले. आपण जे कापणार आहोत ते हेच सुटे ब्रिज. सासऱ्याचा छंद आणि जावयाची रचना, दोन्ही आज आपल्या एकाच टेबलावर येतात.

एक अट आधीच सांगतो. यांत्रिक घड्याळ पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून परत चालू करणं तुम्हाला जमत नसेल तर हा लेख बाजूला ठेवा. आधी तेवढं किमान पाच वेळा करा. कापलेलं यंत्र जोडणं न कापलेल्यापेक्षा अवघड असतं, आणि घड्याळ बंद पडलं तर दोष कापण्याचा की जोडण्याचा हे नवख्याला ओळखता येत नाही.

१. नेमकं काय करायचंय ते ठरवा

बाजारात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, तबकडीला भोक पाडून फक्त बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून ठोका ठरवणारं चाक) दाखवणारी, जिला ओपन हार्ट म्हणतात. दुसरी, मागचं झाकण काचेचं असलेली. तिसरी, खरं स्केलेटन. पहिल्या दोन्हींत यंत्राला हात लागत नाही. हा लेख तिसरीबद्दल आहे.

पहिल्याच खेपेला पूर्ण स्केलेटन करायला जाऊ नका. माझा सल्ला असा: पहिल्या यंत्रात फक्त मागचे ब्रिज कापा, मेनप्लेट तशीच ठेवा. आरपार दिसणार नाही, पण काचेच्या झाकणातून तुमचं काम दिसेल आणि घड्याळ चालेल. मेनप्लेट दुसऱ्या यंत्रात.

२. यंत्र निवडा

इथे फार विचार करू नका. इटा या स्विस कंपनीचं ६४९७ किंवा ६४९८ घ्या. जुने लोक याला अजून युनिटास म्हणतात. मुळात खिशातल्या घड्याळाचं यंत्र असल्यामुळे ते मोठं आहे: व्यास ३६.६ मिमी, जाडी ४.५ मिमी, १७ खडे (बहुतेक चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते माणकाचे). चावी हाताने द्यायची असते, त्यामुळे वर रोटर (हात हलला की फिरून चावी देणारं वजन) नाही. स्वयंचलित यंत्रात अर्धं दृश्य रोटरच खातो.

दोन्हींतला फरक चावीच्या दांड्याच्या आणि सेकंदाच्या छोट्या काट्याच्या जागेचा. चावी ३ वर धरली तर ६४९७ मध्ये सेकंद ९ वर येतो, ६४९८ मध्ये ६ वर. ६४९७ च्या मांडणीला लेपीन मांडणी म्हणतात, वरच्याच जावईबापूंच्या नावावरून.

सरावासाठी सी-गल कंपनीचं एसटी ३६ चालतं. ते याच रचनेची नक्कल आहे. दोन घ्या: एक कापायला, एक सुट्या भागांसाठी. दुसरं लागणार नाही असं तुम्हाला आत्ता वाटतंय. मलाही वाटलं होतं.

३. हत्यारं

घड्याळ उघडायची नेहमीची हत्यारं तुमच्याकडे आहेत असं धरतो. त्यांशिवाय हे लागेल:

– सोनार वापरतात ती करवतीची चौकट आणि ४/० ते ६/० नंबरची पाती. पाती डझनाने घ्या.
– ०.८ मिमीचं ड्रिल, शक्यतो उभ्या स्टँडवर.
– व्ही आकाराची खाच असलेली लाकडी पाचर, टेबलाच्या कडेला पक्की आवळलेली.
– बारीक कानशी: चपटी, तिकोनी, अर्धगोल आणि उंदराच्या शेपटीसारखी गोल. बारीकात बारीक दात मिळतील ते पाहा.
– घासायचे बारीक दगड, डायमंड पेस्ट, आणि ती लावायला कडक लाकडाच्या काड्या.
– टाइमग्राफर. घड्याळाचा ठोका ऐकून चाल, ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स किती अंशांचा झोका घेतो) आणि ठोक्यातला फरक सांगणारं यंत्र. ते नसेल तर कापू नका, कारण काय बिघडलं हे कळायला दुसरा मार्ग नाही.
– किमान १० पटीचं भिंग आणि डोळ्यांवर चष्मा. तुटलेलं पातं डोळ्याच्या दिशेने कधीही उडू शकतं.
– सरावासाठी पितळेचा १.५ मिमी जाड पत्रा.

हाताने फिरवायचं विजेचं ग्राइंडर यादीत मुद्दाम घातलेलं नाही. माझी वाकलेली मेनप्लेट त्याचीच देणगी. तापून पितळ फुगतं, चाक निसटतं, आणि एका सेकंदात खड्याच्या भोकापर्यंत खड्डा पडतो.

४. कापण्याआधी तब्येतीची नोंद करा

नवीन यंत्र पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर ठेवा. लिफ्ट अँगल (यंत्राच्या रचनेवर ठरणारा, टाइमग्राफरला सांगायचा कोन) ४४ अंशांवर लावा, नाहीतर ॲम्प्लिट्यूडचा आकडा खोटा येईल. तबकडीची बाजू वर, तबकडीची बाजू खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत आकडे लिहून घ्या. निरोगी यंत्राचं आडव्या स्थितीतलं ॲम्प्लिट्यूड पूर्ण चावीवर साधारण २७० ते ३०० अंश असतं. चोवीस तासांनी परत मोजा.

हा कागद जपा. मी पहिल्या वेळी हे केलं नाही. जोडल्यावर ॲम्प्लिट्यूड २२० आलं, आणि ते माझ्या कापण्यामुळे घसरलं की यंत्र मुळातच तसं होतं हे ठरवण्यात दोन आठवडे गेले.

५. उघडताना

चावी आधी उतरवा. चावीचं बोंड दोन बोटांत धरा, चिमट्याच्या टोकाने खटका (चावी उलटी फिरू न देणारा) बाजूला करा आणि बोंड बोटांतून हळूहळू सरकू द्या. एकदम सोडलंत तर स्प्रिंगचा सगळा जोर एका झटक्यात चाकांवर जातो आणि दाते तुटतात.

मग बॅलन्स सगळ्यात आधी काढून झाकून ठेवा. प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. स्क्रू कप्प्यांच्या डबीत ठेवा, कारण ब्रिजचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगळी असू शकते. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर खालच्या बाजूने बाहेर येऊन चाकाला अडतो.

बॅलन्सच्या टोकांवरचे धक्का झेलणारे खडे या कामासाठी उघडायची गरज नाही. ते धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग एकदा उडाली की गेलीच.

६. नकाशा

खरं स्केलेटन इथे होतं. करवत नंतर फक्त हुकूम पाळते. मी स्वतः कापण्यापेक्षा तिप्पट वेळ कागदावर घालवतो.

प्रत्येक ब्रिज दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि पाच पट मोठा छापा. ३६.६ मिमीची प्लेट १८३ मिमी होते आणि ए-४ कागदावर मावते. आता लाल पेन घ्या आणि ज्याला अजिबात हात लावायचा नाही ते सगळं भरा:

– प्रत्येक खड्याभोवतीचं कडं. मी खड्याच्या कडेपासून किमान १ मिमी सोडतो. खडे भोकात घट्ट दाबून बसवलेले असतात. कडं बारीक झालं की पकड सुटते.
– स्क्रूची भोकं आणि स्क्रूच्या डोक्याखालची बैठक.
– ब्रिज नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना आणि त्यांची भोकं. डबीतला पहिला ब्रिज यापायी गेला. पिन कापली गेली, ब्रिज स्क्रूने आवळला तरी केसभर सरकायचा, आणि तेवढ्याने चाकं अडकायची.
– खटका आणि त्याच्या स्प्रिंगची खाच.
– तबकडीच्या बाजूला चावीच्या दांड्याची सगळी यंत्रणा. ही यंत्रणा दिसायला गंमतशीर असते, पण तिच्याखालचा धातू तसाच राहू द्या.
– मेनप्लेटच्या कडेचे तबकडीचे पाय धरणारे स्क्रू आणि यंत्र केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या कवचात) आवळणाऱ्या स्क्रूंची जागा. हे सगळे विसरतात, आणि शेवटच्या दिवशी यंत्र केसमध्ये खुळखुळतं.

लालात न आलेला भाग आता तुमचा. त्यात वेलबुट्टी काढायचा मोह होईल. थांबा.

आधी एका वेगळ्या रंगाने जोराची वाट काढा. जोर बॅरलमधून, म्हणजे मेनस्प्रिंग ज्यात गुंडाळलेली असते त्या दातेरी डबीतून निघतो. तिथून मधल्या चाकाकडे, मग तिसऱ्या, मग चौथ्या, मग एस्केप व्हील, त्याचा एकेक दाता सोडणारा पॅलेट फोर्क आणि शेवटी बॅलन्स. बॅरल रेंगाळत फिरतं. मधलं चाक तासाला एक फेरा घेतं, चौथं चाक मिनिटाला एक. एस्केप व्हीलला १५ दाते असतात, आणि तासाला १८,००० ठोके देणाऱ्या यंत्रात ते दर ६ सेकंदांनी फेरा पुरा करतं. वेग वाढत जातो तसा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. बॅरलपाशी अंगठ्याने ढकलल्यासारखा रेटा असतो, एस्केप व्हीलपाशी फुंकरीइतका.

तुमच्या नक्षीचा हिशेब यातूनच येतो. बॅरलजवळचे हात जाड ठेवा आणि बॅलन्सकडे जाताना बारीक करत न्या. बॅरलचा दांडा प्लेट आणि ब्रिज यांच्यामध्ये धरलेला असतो. पूर्ण चावीवर तो रेटा ब्रिजला एका बाजूला खेचतो, आणि तिथे धातू कमी पडला तर ब्रिज पिळवटतो. डोळ्यांना दिसत नाही, टाइमग्राफरला दिसतं. एका खड्याकडून दुसऱ्या खड्याकडे धातूचा हात सरळ किंवा एकाच दिशेने वळत गेला पाहिजे. मध्ये उगीच नागमोडी वळण आलं की हात कमकुवत होतो, आणि बघणाऱ्याची नजरही तिथेच अडखळते.

माझ्या मते चांगलं स्केलेटन ओळखायची हीच खूण: माहीत नसलेल्या माणसाला बॅरलवर बोट ठेवून दिलं तर तो नजरेनेच बॅलन्सपर्यंत पोचला पाहिजे. पोचत नसेल तर ती जाळी आहे, कितीही बारीक कापलेली असो.

मोठ्या कंपन्यांची कामं या नजरेने पाहिली की बरंच उलगडतं. कोरमचं गोल्डन ब्रिज १९८० मध्ये आलं, मूळ कल्पना व्हिन्चेन्झो कालाब्रेझे या घड्याळजीची. त्यात सगळी चाकं एका सरळ रेषेत मांडली आहेत, बाकी सगळी काच. जोराची वाट म्हणजेच घड्याळ. कार्तियेने २००९ मध्ये सँतोस स्केलेटनमध्ये उलटी युक्ती केली: मोठे रोमन आकडे हेच ब्रिज. वेळ वाचायला आकडे लागतातच, मग यंत्रही त्यांनीच धरून ठेवायचं. २००१ च्या युलिस नार्दांच्या फ्रीकमध्ये तर चाकांचा संचच फिरून मिनिट दाखवतो, नेहमीचे काटे नाहीतच. ओडमार्स पिगेने २०१६ मध्ये रॉयल ओकच्या एका स्केलेटनमध्ये एकाच दांड्यावर दोन बॅलन्स आणि दोन हेअरस्प्रिंग (बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंग) बसवल्या. तिथे नजर शेवटी जाऊन थांबते ती त्या जोडीवर, आणि बाकी ब्रिज तिला वाट करून देतात. यातलं काहीही नकलायला जाऊ नका. प्रत्येकात आधी काय ठरवलं गेलं असेल एवढंच शोधा.

नकाशा झाला की एक दिवस तो भिंतीवर लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी किमान एक हात नको वाटेल आणि एक कमी वाटेल.

७. करवत

नकाशा मूळ मापात चिकट कागदावर छापून ब्रिजवर चिकटवा. खडे काढायचं दाबयंत्र आणि सवय असेल तर खडे काढून घ्या. नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून झाका आणि नंतर धुण्यावर दुप्पट वेळ द्या.

कापायच्या प्रत्येक खिडकीत एक भोक पाडा, रेषेपासून आत. पातं चौकटीत दाते खाली येतील असं लावा. एक टोक आवळा, दुसरं भोकातून ओवा, चौकट किंचित दाबून दुसरं टोक आवळा. पातं छेडल्यावर टणत्कार आला पाहिजे. ढिलं पातं वाट सोडतं. मेणाच्या तुकड्यावरून पातं एकदा फिरवलं की ते अडकत नाही.

हात फक्त वर-खाली हलवायचा, पुढे ढकलायचं नाही. वळणावर चौकट जागच्या जागी वर-खाली चालू ठेवून ब्रिज फिरवा. पाती तुटतील. पहिल्या दिवशी माझी अकरा तुटली, आता एका ब्रिजला दोन-तीन जातात.

रेषेवर कापू नका. आतल्या बाजूने ०.२ मिमीच्या आसपास धातू सोडा, तो कानशीसाठी आहे. आणि क्रम पाळा: आधी आतल्या छोट्या खिडक्या, मग मोठ्या, सगळ्यात शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर धरायला काही उरत नाही. माझी अर्धी मेनप्लेट अशीच उडाली.

हे सगळं आधी पितळी पत्र्यावर करा. त्याच नकाशाचा एक ब्रिज पत्र्यातून पूर्ण कापून पाहा.

८. कानस आणि पैलू

कापून झालं की निम्मं काम झालं असं वाटतं. तसं नसतं. महागड्या घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा याच पायरीवरच्या तासांचा असतो.

आधी भिंती सरळ करा. करवतीने किंचित तिरक्या गेलेल्या बाजू कानशीने प्लेटला काटकोनात आणा. मग वरच्या प्रत्येक कडेला ४५ अंशांचा पैलू पाडा. पैलूची रुंदी सगळीकडे सारखी हवी. भिंगाखाली ती रेघ ओघळल्यासारखी दिसली तर परत. पैलू मग दगडाने, मग लाकडी काडीवरच्या डायमंड पेस्टने आरशासारखा होईपर्यंत घासायचा. एका दाण्याची पेस्ट वापरलेली काडी दुसऱ्या दाण्याला वापरू नका. एक जाडा कण सगळ्यावर ओरखडा पाडतो.

जिथे दोन पैलू आतल्या कोपऱ्यात भेटतात ती जागा खास पाहा. फिरत्या हत्याराने केलेला आतला कोपरा नेहमी गोल राहतो, कारण हत्यारच गोल असतं. टोकदार आतला कोपरा कानस आणि हातानेच होतो. जाणकार घड्याळ हातात घेतल्यावर आधी तेच शोधतात. तुमच्या नकाशात असे दोनच कोपरे ठेवा आणि ते नीट करा. वीस ठेवून सगळे अर्धवट करण्यापेक्षा ते बरं.

वरची सपाट बाजू चकाचक करायची गरज नाही. बारीक कागद काचेवर ठेवून ब्रिज एकाच दिशेने ओढा, सरळ रेघांचा मऊ पोत येतो आणि त्याच्या शेजारी पैलू जास्त उठून दिसतो.

चाकांना, बॅरलला आणि बॅलन्सला पहिल्या खेपेला हात लावू नका. बॅलन्सचा तोल बिघडतो. बॅरलचं झाकण कापलं तर आतल्या ग्रीसवर धूळ बसते. वरचं दातेरी चाक कडक केलेल्या पोलादाचं असतं, करवतीचं पातं त्याच्यावरून फक्त घसरेल.

९. निळे स्क्रू

हौस असेल तर. स्क्रूची डोकी आधी आरशासारखी घासा. निकेलचा मुलामा असेल तर तो पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर रंग येत नाही. बोटाचं तेल पुसून काढा. पितळेचा कीस भरलेल्या छोट्या ताटलीत स्क्रू खोचा आणि खालून मंद आच द्या. पोलाद आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळं. त्या क्षणी काढा. दोन सेकंद उशीर झाला तर फिकट राखाडी होतं आणि परत घासण्यापासून सुरुवात करावी लागते. सगळे स्क्रू एकाच छटेचे येणं हा नशिबाचाही भाग आहे.

१०. धुणं आणि मुलामा

कापलेल्या कडा पिवळ्या दिसतील, वरची बाजू रुपेरी. कारण ब्रिज पितळेचे आहेत आणि वर निकेलचा थर होता. एकतर सगळा जुना थर काढून पूर्ण पितळ ठेवा, ते काळाने काळवंडेल, किंवा परत मुलामा द्या. सोन्याच्या मुलाम्याची रसायनं बऱ्याचदा सायनाइडची असतात, ती घरी नकोत. काम मुलामा देणाऱ्याकडे द्या आणि त्याला स्पष्ट सांगा की पैलू परत घासायचे नाहीत. न सांगितल्यास तो चमक आणण्यासाठी चाकावर धरतो आणि तुमच्या महिन्याभराच्या कडा गोल होऊन येतात.

पॅलेट फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये बुडवू नका. त्यांच्यावरचे माणकाचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मी एका फोर्कचा खडा भांड्याच्या तळाशी पाहून शिकलो.

११. जोडणी

बॅलन्स न बसवता आधी फक्त चाकं आणि ब्रिज जोडा. फुंकर मारली की चाकं फिरली पाहिजेत आणि सुटल्यावर हळूच थांबली पाहिजेत. ब्रिजचा प्रत्येक स्क्रू आवळताना चाकं परत तपासा. शेवटचा स्क्रू आवळल्यावरच अडकली तर ब्रिज पिळवटलाय.

तेल: मंद चाकांना मोबियस कंपनीचं डी ५, वेगाच्या चाकांना आणि बॅलन्सला ९०१०, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. फोर्कच्या टोकांना काहीच नाही. एक गोष्ट साध्या घड्याळापेक्षा वेगळी आहे: इथे जास्तीचं तेल दिसतं. खड्याच्या बाहेर आलेला थेंब काचेतून चकाकतो आणि धूळ ओढतो.

आता तो जुना कागद काढा. पूर्ण चावीवर तीन स्थितींतले आकडे शेजारी लिहा. ॲम्प्लिट्यूड १० ते १५ अंशांनी घटलं असेल तर ते धुण्या-तेलातलं असू शकतं. ३० च्या वर घटलं असेल तर तेल नका वाढवू. ब्रिज उतरवा, काचेवर ठेवा, कोपरे दाबून डुलतो का पाहा.

१२. तबकडी गेली, वेळ कशी वाचायची

सुंदर कापलेलं यंत्र पण वेळ सांगता येत नाही, असं घड्याळ तुम्ही पाहिलं असेल. बहुतेक वेळा चूक काट्यांची असते. मागे रुपेरी चाकं आणि वर पोकळ रुपेरी काटे, म्हणजे काटे हरवले. भरीव काटे घ्या, रंग यंत्राच्या उलट: रुपेरी यंत्रावर निळे किंवा काळे, सोनेरी यंत्रावर गडद. यंत्राबरोबर काटेही कोरायचा मोह मला अजून होतो.

तबकडीच्या जागी बाहेरचं एक कडं ठेवा, ज्यावर मिनिटांच्या खुणा असतील. मूळ तबकडीच्या पायांच्या जागाच त्याला धरतील. पण पूर्ण तबकडी गेल्याने तासाचं चाक वरून धरायला काही उरत नाही. ते उचलून शेजारच्या चाकातून सुटू शकतं, मग मिनिट बरोबर आणि तास चूक. उपाय सोपा आहे: कड्यापासून मध्यापर्यंत येणारे दोन बारीक हात आणि मध्ये एक छोटी अंगठी, तिच्याखाली नेहमीची पातळ चकती. पहिल्या नकाशातच हे काढून ठेवा.

१३. केस

या यंत्राला ४१ ते ४४ मिमीची केस लागते. पुढे-मागे दोन्हीकडे सफायर काच घ्या, आतून चकाकी रोखणारा थर असलेली. त्याशिवाय खिडकीचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. बंद करण्याआधी रबरी फुग्याने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका. थुंकीचा एक थेंब चाकावर पडला की गंजाचा ठिपका बनतो.

पूर्ण आरपार घड्याळ मनगटावर बांधलं की यंत्रामागे मनगटाची कातडी आणि त्यावरची लव दिसते. मला ते आवडत नाही, म्हणून मागच्या काचेखाली मी गडद राखाडी पातळ कडं बसवतो. चाकं त्याच्यावर उठून दिसतात. काहींना आरपारच हवं असतं, तेही ठीक.

पहिले पंधरा दिवस रोज एकाच वेळी पूर्ण चावी द्या आणि मागे पडतं की पुढे जातं ते लिहा. रोज साधारण सारखंच चुकत असेल तर रेग्युलेटरने (चाल कमी-जास्त करणाऱ्या बारीक दांडीने) सुधारता येतं. एक दिवस पुढे, एक दिवस मागे असं होत असेल तर रेग्युलेटरला हात लावू नका, घड्याळ उघडा आणि भिंगाने आधी चाकांच्या दात्यांत पितळेचा कीस अडकलाय का ते बघा. बहुतेक वेळा तो मधल्या चाकाच्या दात्यांत सापडतो.